देवळामागचा अर्धा खांब

नवऱ्याने मुदतीच्या दोन वर्षं आधी नोकरी सोडली, तेव्हा मला आनंदच झाला होता. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात जन्म गेला. तयार झालेल्या सुट्या भागांत खोट काढायची हेच काम, आणि ती सवय घरी आमटीतल्या मिठापर्यंत पोचलेली. "पुरे झालं," एवढंच म्हणाले. मला वाटलं, चला, आता दोघं निवांत बोलू.

झालं भलतंच. मी बोलायला लागले की ते माझ्याकडे बघेनात. माझ्या कानाच्या पलीकडे कुठेतरी नजर लावून हो-नाही करायचे. हा माणूस भांडतानासुद्धा डोळ्यांत डोळे घालून भांडलेला. आठ महिने मी ते गिळलं. सरळच सांगते, यांना माझा कंटाळा आलाय असं मला वाटू लागलं होतं, आणि ते विचारायची हिंमत होत नव्हती.

म्हणून मी न विचारताच सहलीला नावं नोंदवली. देवनहळ्ळीच्या पुढची पडकी देवळं, दहाच माणसं, माहिती सांगायला सोबत एक मुलगी. दिवसभर माझ्या शेजारी बसणं तरी भाग पडेल, हा माझा डाव.

टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये आम्ही दोघंच म्हातारे. बाकी बहुतेक आयटीतली पोरं, त्यातली चार पुण्या-नागपूरकडची. त्यांच्याशी मराठीत गप्पा सुरू झाल्या, तर हे खिडकीबाहेर. पहिल्या देवळापाशी माहितीचा फलक होता. "तूच वाच," हे म्हणाले. दुसऱ्या देवळापाशीही तेच. तिसऱ्यांदा मात्र माझं डोकं फिरलं.

"डोळे फुटलेत का तुमचे?" मी सगळ्यांदेखत म्हणाले. ते फलकाला वळसा घालून देवळाकडे निघाले.

तिसऱ्या देवळाचं छप्पर गेलेलं, खांब तेवढे उभे. त्यातले काही गोल. "हे दगड फिरवून, लेथसारखे घासलेत," ती मुलगी हिंदीत सांगत होती. हे पुढे झाले. तळवा खांबावर टेकवला आणि सावकाश खाली आणला, मग अंगठ्याचं नख त्याच वाटेने. एका जागी थांबले.

"इथे घासताना हत्यार अडखळलंय," म्हणाले.

पोरांनी हात लावून बघितलं. डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, पण बोटाला बारीकशी कड लागत होती. ती मुलगीही हात फिरवून हसली. "सरी सर, नीवे हेळी," म्हणाली, म्हणजे आता तुम्हीच सांगा. आणि हे खरंच सांगू लागले, कन्नड, हिंदी, मराठी सगळं एकात एक. आठ महिन्यांत मी त्यांचे एवढे शब्द ऐकले नव्हते. ऐकताना बरं वाटत होतं आणि रागही येत होता, कारण हे सगळं परक्यांसाठी होतं.

देवळामागे खडक होता, जिथून दगड काढायचे तो. त्यात ओळीने भोकं पाडलेली. त्यांत सुक्या लाकडाच्या पाचरी ठोकायच्या, पाणी घालायचं, लाकूड फुगलं की दगड त्या ओळीत फुटतो, यांनी सांगितलं. शेजारीच एक अर्धा घडवलेला खांब आडवा पडला होता. चीर ओळ सोडून तिरकी गेलेली. हे उकिडवे बसून तिच्यावर बोट फिरवत राहिले.

"कारागिराला कामावरून काढलं असेल का, काका?" नागपूरच्या मुलीने विचारलं.

"कशाला? त्याला चीर दिसली, त्याने तिथेच काम थांबवलं. चांगला माणूस होता." मग बोट चिरेवरून न उचलता म्हणाले, "मला दिसली नव्हती."

आणि त्या चार पोरांसमोर त्यांनी सांगून टाकलं. तडे गेलेला माल त्यांच्या सहीने बाहेर गेला होता आणि परत आला होता. कारखान्यात कोणी त्यांना एका शब्दाने बोललं नाही. सगळ्यांनी दोष मशीनवर ढकलला. हे एकटेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. डोळ्यामागचा पडदा मधोमध खराब होत चाललाय, तो सुधारायचा नाही, असं कळलं, आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला.

"हिला सांगितलेलं नाही," ते पोरांना म्हणाले, जणू मी तिथे नव्हतेच.

पोरं हळूच पुढे सरकली. मी खडकावर बसले. मला भयंकर राग आला. डॉक्टरकडे एकटं जायचं, एवढं ओझं एकट्याने वाहायचं, आणि घरी येऊन माझ्या हातचा चहा मुकाट्याने प्यायचा. हे सगळं बोलायचं होतं. तोंडून निघालं ते वेगळंच.

"मग मी दिसते का तुम्हाला?"

ते माझ्याकडे वळले, आणि त्यांची नजर नेहमीसारखी माझ्या कानापलीकडे गेली.

"आत्ता दिसतेस," म्हणाले. "सरळ बघितलं की नाहीशी होतेस."