शिशातलं जहाज

"हत्तीले शिडं असतात काय, ताई?"

सुखदेवबाबांनी हे विचारलं तेव्हा मी त्यांच्या नाण्याचं नाव आणि अंदाजे किंमत सांगून मोकळी झाले होते. बाबा सुलतानपूरचे, बसचे निवृत्त कंडक्टर. सोबत त्यांची मुलगी वंदना होती. जुन्या नाण्यांची पारख करणं हा माझा व्यवसाय. मेहकरला बाजाराच्या टोकाला माझं छोटं दुकान आहे.

हल्ली गिऱ्हाईक आधी मोबाईल पुढे करतं, नाणं मागाहून खिशातून निघतं. वंदनानेही तेच केलं. नाण्याचे फोटो दिले की अ‍ॅप ते आपल्याजवळच्या हजारो फोटोंशी ताडून पाहतं आणि नाव, काळ, किंमत सांगतं. बाबांच्या नाण्याचं उत्तर आलं होतं, 'सातवाहन, हत्ती छाप'. सातवाहन म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे राज्य करणारे राजे.

नाणं शिशाचं, काळपट. एका बाजूला अधिक चिन्ह आणि त्याच्या चार टोकांना चार वर्तुळं. हे स्पष्ट होतं. दुसरी बाजू पार झिजलेली. मधे नुसता उंचवटा. मी भिंगातून पाहिलं, वजन केलं आणि अ‍ॅपला दुजोरा दिला. आपल्या भागात हत्तीवाली नाणी बरीच सापडतात, त्यामुळे भाव बेताचा. अ‍ॅपवर नाणी विक्रीलाही ठेवता येतात; जालन्याचा एक खरेदीदार तिथले फोटो पाहून त्याच संध्याकाळी माझ्या दुकानात येणार होता.

"हत्ती नाही ते, जहाज हाय," बाबा म्हणाले. "दोन खांब, त्याहिले शिडं."

"बाबा, तुम्ही जहाज पाह्यलं काय कधी?" वंदना म्हणाली. मग माझ्याकडे वळून हळूच, "घरी सगळे हसतात त्याहिले. आता तर बाबाच बोलत नाहीत त्याच्यावर."

बाबांना काचबिंदू होता. एक डोळा गेलेला, दुसऱ्याला धुरकट दिसायचं. नोकरीत असताना, बाजाराच्या दिवशी बसच्या गर्दीत कुणीतरी तिकिटाच्या चार आण्यांच्या जागी हे नाणं त्यांच्या हातात टेकवलं होतं. त्यांनी पदरचे चार आणे बॅगेत टाकले आणि हे ठेवून घेतलं.

"कुठे बसून पाहायचात तुम्ही ते?" मी विचारलं.

"शेवटच्या फेरीले. गाडी रिकामी राहे. खिडकीतून ऊन आडवं ये. मंग दिसे."

आडवं ऊन. मी उठले आणि ट्यूबलाइट बंद केली. वरून पडणारा उजेड झिजलेलं नाणं सपाट करून टाकतो. जी काही उंची उरलेली असते, ती फक्त सावलीत कळते. वंदनाचे सगळे फोटो फ्लॅश मारून काढलेले होते. अ‍ॅपने बिचाऱ्याने चिन्हाच्या बाजूवरूनच अंदाज बांधला होता. मीही तेच केलं होतं.

थंडीचे दिवस होते. ऊन उतरून दुकानाच्या उंबऱ्यातून सरळ आत येत होतं. त्यात धूळ तरंगत होती. बाहेरच्या बाजाराचा आवाज लांबून आल्यासारखा वाटत होता. मी नाणं तळहातावर घेतलं आणि हळूहळू फिरवलं. हत्तीची पाठ वर आली. मग पाठ राहिली नाही. तिचा वाकडा, रुंद तळ झाला. त्यातून दोन काठ्या उभ्या राहिल्या आणि त्यांना धरून दोरांच्या बारीक रेघा खाली उतरल्या. खाली पाणी असावं तशी एक लहर. हात जरा हलला की सगळं बुडायचं, परत फिरवला की वर यायचं.

किती वेळ गेला कोण जाणे. वंदना माझ्या हातावर वाकून पाहत होती.

"दिसलं काय?" बाबांनी विचारलं.

"हाव बाबा," वंदना म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "दिसलं."

मी त्याच उन्हात फोटो काढून अ‍ॅपला दिला. या वेळी उत्तर आलं, 'सातवाहन, जहाज छाप'. खालचा आकडा पाहून वंदना स्टुलावर बसलीच. मी स्क्रीनवर हात ठेवला.

"हा आकडा धरू नका. ही लिलावातल्या उत्तम नाण्याची किंमत आहे. शिवाय याच्या नकलाही निघतात. मी एकटी खात्री देणार नाही."

खरेदीदार आला तोवर ऊन गेलं होतं. त्याने ट्यूबलाइटखाली नाणं पाहिलं. "हत्तीच आहे की."

मी फोटो दाखवला. त्याने तो बोटांनी मोठा केला, बराच वेळ पाहिला आणि भाव एकदम कितीतरी पट वाढवला. वंदना माझ्याकडे पाहू लागली.

"आज नाही इकायचं," बाबा म्हणाले.

नागपूरच्या एका संग्रहालयातले जाणकार माझ्या ओळखीचे आहेत. त्यांनी तपासून नाणं खरं असल्याचं सांगितलं. ते झिजलेलं होतं, कडही तुटलेली. म्हणून किंमत अ‍ॅपच्या आकड्याच्या जवळपासही गेली नाही. पण जालन्याच्या भावापेक्षा चांगली होती. ही नाणी मुख्यतः आंध्राच्या किनाऱ्याकडे सापडतात. हे इकडे कसं आलं, ते त्यांनाही सांगता आलं नाही. बाबांनी ते त्याच किमतीला त्यांच्या संग्रहालयाला दिलं. "तिथं सारे पाह्यतीन," एवढंच म्हणाले.

पुढे एकदा वंदनाचा फोन आला. मागे वाऱ्याचा मोठा आवाज होता. डोळ्यात उजेड आहे तोवर बाबांना समुद्र दाखवायला ती कोकणात घेऊन गेली होती.

"काय म्हणतात बाबा?"

"म्हणतात, ह्या बोटी लहान हायेत. आपलं जहाज मोठं होतं."

आता कुणी नाणं आणलं की मी आधी त्यालाच विचारते, तुम्हाला यात काय दिसतं? अ‍ॅपला नंतर.