बिनकामाचा बॉर्डर कॉली

"मॅडम, आधी बाहेर या!"

समीरची हाक ऐकून बाहेर आले आणि बघतच राहिले. कामशेतच्या माझ्या जनावरांच्या क्लिनिकचं अख्खं वेटिंग एका कोपऱ्यात गोळा झालं होतं. पॉमेरेनियन कडेवर घेतलेल्या एक बाई, एक बोकड आणि बोकडाचा मालक. समोर समीरचा रॉकी, पोट जमिनीला टेकवून, नजर रोखून बसलेला. बोकडाने पाय उचलला की हा उठायचा.

"चावत नाही हो," समीर म्हणाला. "फक्त टाच धरतो."

"ज्याची धरतो त्याला हा फरक कळतो का?"

समीर तळेगावला एका कंपनीत प्रॉडक्शनला. वराळ्यात फ्लॅट. रील बघून बॉर्डर कॉली आणलेला. ही जात मेंढरं वळणारी. पांगलेला कळप गोळा करायचा आणि जो ऐकत नाही त्याची टाच धरायची, हे तिच्या रक्तातच. फ्लॅटमध्ये मेंढरं कुठली? मग पोरं, पाहुणे, डिलिव्हरीवाले. परवा सोसायटीतल्या एका मुलाची टाच धरली. रक्त आलं नाही, रॉकीला लसही दिलेली होती, पण चेअरमन घरी आले. रविवारपर्यंत कुत्रा हलवा म्हणाले. लोणावळ्याचा एक बंगलेवाला न्यायला तयार होता, गेटला साखळीने बांधायला.

"शांत राहायचं इंजेक्शन नसतं का?" समीर रडवेला झाला होता. "साखळीला मरेल हो तो."

"खायला काय देता?"

उत्तर सोबत आलेल्या त्याच्या आईने दिलं. "ताक, सब्जा, सकाळी गुलकंद. अंगात उष्णता लय हाय त्येच्या. मटण बंदच केलं."

मी कपाळाला हात लावला. "मावशी, गुलकंद आजच बंद, साखर नको त्याला. आणि ही उष्णता नाही. दिवसभर करतो काय हा?"

"आराम," समीर अभिमानाने म्हणाला. "एसी लावून ठेवतो मी."

"अरे, हा मुकादम आहे. याला आराम नको, काम हवं. नाही दिलंस तर दिसेल त्याची हजेरी घेत सुटणार."

मावशी एकदम लेकाकडे वळल्या. "मग मला कशापायी आराम सांगतुयास?"

गावाकडचं, वडिवळ्याचं घर बंद करून, कोंबड्या विकून, त्याने आईला फ्लॅटवर आणलं होतं. आयुष्यभर भातलावणी केलीस, आता बस, म्हणाला होता.

"बसून बसून डोकं फिरायची येळ आली," मावशी म्हणाल्या. "मी कुनाची टाच धरली न्हाई, म्हनून कुनाला कळलं न्हाई."

मला समीरचं वाईट वाटलं. पोरगा मायेनेच करत होता सगळं.

रविवारी रॉकी सोसायटीतून गेला खरा, पण वडिवळ्याला, मावशींबरोबर. मावशींनी घर उघडलं, नव्या कोंबड्या घेतल्या. मी ताकीद दिली होती. कोंबड्यांत मोकळा सोडायचा नाही. आधी लांब दोरी, आधी 'थांब' शिकवायचं. सकाळी रानात नेऊन दमवायचं, मगच कोंबड्या. हुकूम सोडण्यात मावशींचा हात धरणारं कोणी नाही, त्यामुळे ती काळजी नव्हती. सुरुवातीला एका कोंबडीची शेपटी गेली. आता तिन्हीसांजेला तो सगळ्या कोंबड्या हळूच खुराड्यात घालतो आणि दाराशी बसतो.

परवा समीर त्याला लसीला घेऊन आला. "मॅडम, सुट्टीला गेलो की दोघं मला बसू देत नाहीत. आई खुराडं झाडायला लावते, हा मागून ढकलतो."

"सवय होईल," मी म्हटलं.

कुत्रा घेताना रंग बघू नका, त्याचा धंदा काय ते विचारा. आईला फ्लॅटवर आणतानाही.