आत्याचा खालचा सूर

माझी आत्या गायला लागली की नवखा माणूस मान वळवून बघायचा. एवढ्याशा बाईच्या अंगात एवढा आवाज मावतो कसा, हे त्याच्या तोंडावर दिसायचं. आवाज गोड नव्हता. जाड होता, खरखरीत होता, पोटातून यायचा. एप्रिलमध्ये, जयंतीच्या दिवसांत, आमच्या भावसिंगपुऱ्यातून, मिलकॉर्नरहून, वाळूजकडच्या वस्त्यांमधून तिला बोलावणी यायची. मामा, म्हणजे तिचे यजमान, ढोलकीवर आणि मी पेटीवर. पेटी मला वडिलांनी शिकवली होती. मी कॉलेजात असताना आत्याचा जुना पेटीवाला नोकरीसाठी गाव सोडून गेला. तेव्हा तिनं मला न विचारताच त्याच्या जागी बसवलं. आज मी बँकेत काम करते, पण ती जागा काही सोडली नाही.

आत्या वाळूजच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला होती. पट्ट्यावरून बाटल्या सरकत यायच्या, त्या तपासून खोक्यात भरायच्या. दिवसभर उभं राहायचं. गाणी ती तिथंच रचायची. मशीनचा ठेका धरून मनातल्या मनात ओळी जुळवायची आणि जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून बसलेल्या बायांना म्हणून दाखवायची. त्या बाया हसल्या, किंवा एखादी एकदम गप्प झाली, की गाणं ठरलं.

तिची एक पद्धत होती. पहिली ओळ म्हणायची, मग तीच ओळ पुन्हा म्हणायची, पण दुसऱ्यांदा थोडी वेगळी, शब्द लांबवून किंवा मध्येच तोडून. तिसरी ओळ त्यांना उत्तर द्यायची. मी एकदा विचारलं, तीच ओळ दोनदा कशाला?

"पहिल्यांदा माणूस ऐकतं गं. दुसऱ्यांदा त्याला सोताचं काहीतरी आठवतं."

शिवाय ती ठेक्यावर कधीच यायची नाही. ढोलकीची थाप पडून जायची आणि ही मागून सावकाश यायची. सुरुवातीला मी घाबरून तिच्या आधीच पुढचा सूर धरायचे. तालमीत ती माझ्या हातावर हात ठेवायची. "पळू नको. मी येते. तू थांब." ते थांबणं शिकायला मला वर्षं लागली.

तिच्या मनात एक गाणं होतं, ते मात्र ती कार्यक्रमात म्हणत नसे. ते तिच्या आईवर, म्हणजे माझ्या आजीवर होतं. आजी वेरूळला लेण्यांच्या बाहेर झाडलोट करायची. मी तिला पाहिलेलं नाही. त्या गाण्याची सुरुवात अशी होती:

*माय झाडते पायरी, पाला पडतोच राही,*
*माय झाडते पायरी, पाला पडतोच राही,*
*तिला आत बसलेला बुद्ध कुणी दाविलाच नाही.*

घरी एक-दोनदा तिनं म्हटलं आणि मध्येच थांबली. "नाय जमत. मी म्हणाया लागले की माय भांडाया उठल्यावानी वाटती. ती भांडकुदळ नव्हती. लई गप होती."

मग तिच्या गळ्याला गाठ आली. थायरॉईडची होती. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी समोर बसवून नीट सांगितलं होतं, की आवाजाची नस तिथूनच जाते, थोडा धोका आहे. आत्यानं मान डोलावली. ऑपरेशन नीट झालं, गाठही साधी निघाली. पण शुद्धीवर आल्यावर तिनं मला हाक मारली तेव्हा फक्त वारा बाहेर आला.

पुढचे काही महिने वाईट गेले. बोलणं हळूहळू परत आलं, पण बसकं. वरचे सूर गेले ते गेलेच. पूर्वी ती काळी चारच्या उंच पट्टीत गायची. आता मधल्या सप्तकाच्या वर जायला लागली की आवाज फाटायचा. ती रियाजाला बसायची, फाटला की उठून भांडी घासायला लागायची. त्या काळात मामांनी ढोलकीवर कापड टाकून ती माळ्यावर ठेवली. दुसऱ्या दिवशी आत्यानं ती पुन्हा खाली काढली होती.

त्या वर्षी कन्नडजवळच्या एका गावातून जयंतीचं बोलावणं आलं. फोन मामांनी घेतला आणि तब्येत बरी नाही म्हणून सांगून टाकलं. मलाही ते बरं वाटलं. तिनं लोकांसमोर फाटलेल्या आवाजात गावं, हे आम्हा दोघांनाही बघवणार नव्हतं. पण आत्या आत भाजी निवडत बसली होती. ती बाहेर आली.

"कुणाला इचारून नाय म्हणलं?"

"अगं, पण आवाज..."

"आवाज माझा हाय का तुमचा? लावा फोन. येते म्हणावं."

नंतर ती माझ्याकडे वळली. "पट्टी खाली घे. काळी एकला."

एवढ्या खाली ती कधी गायली नव्हती. मी सूर धरला. ती भिंतीला टेकून बसली, डोळे मिटले आणि आजीचं गाणं म्हणायला लागली. आवाज बसका होता, कडांना विरलेला होता. काही शब्द तर नुसत्या श्वासावर येत होते. पण या वेळी ती थांबली नाही. शेवटपर्यंत गेली. मामा ढोलकीला हात न लावता ऐकत राहिले. गाणं संपल्यावर ती म्हणाली, "आत्ता आली माय."

आम्ही एसटीनं गेलो. संध्याकाळची वेळ, विहारासमोर मांडव, पुढं सतरंजीवर बाया आणि लेकरं, मागं उभे पुरुष. एका कडेला मिरवणुकीचा डीजे तयार उभा होता. आयोजकांना तिची जुनी दणदणीत गाणी हवी होती. आत्यानं माइक हातात घेतला.

"माझा गळा कापला होता. पहिला आवाज गेला. उरला त्यो घिऊन आले. आवडलं तर बसा."

पहिल्या गाण्यालाच मागून कोणीतरी ओरडलं, "आवाज वाढवा!" पोरं हसली. आत्या तशीच गात राहिली. काही पुरुष डीजेकडे निघून गेले, आणि खरं सांगायचं तर ते परत आले नाहीत. पण तिनं आजीचं गाणं सुरू केलं तेव्हा पुढच्या बाया बसल्या बसल्याच पुढं सरकल्या. ऐकू यावं म्हणून त्यांनी लेकरांना गप्प केलं. पूर्वी आत्याचा आवाज लोकांपर्यंत जायचा. त्या दिवशी लोक आवाजाकडे येत होते. तिसऱ्या ओळीला एक म्हातारी स्वतःशीच "नाय दाविला गं बाई" म्हणाली. ते माइकमधूनही ऐकू आलं. आत्या थांबली, तिच्याकडे बघितलं आणि ती ओळ तिच्यासाठी पुन्हा म्हटली. ढोलकी थांबली होती. मीही सूर धरून थांबले. कितीही वेळ थांबले असते.

परतीच्या जीपमध्ये मामा एवढंच म्हणाले, "आज मला वाजवायला काय कामच नव्हतं."

"मग गप बसायचं काम होतं," आत्या म्हणाली. "ते बरं केलं तुमी."

मिरवणुकीची बोलावणी पुढं बंद झाली. त्याचं तिला दुःख झालं नाही, असं मी म्हणणार नाही. एप्रिलमध्ये रस्त्यावरून दुसऱ्यांची गाणी जोरात जाताना ती दारात उभी राहते आणि बोटांनी चौकटीवर ठेका धरते. पण बायांची मंडळं बोलावतात. पौर्णिमेला विहारात, कोणाच्या घरी बारशाला, कोणाच्या शोकसभेला. तिथं माइकही लागत नाही. कंपनीतून ती आता निवृत्त झाली आहे. बरोबरच्या जुन्या बाया अधूनमधून येतात, चहा होतो, आणि त्यांच्यासमोर ती नवं गाणं म्हणून बघते.

गेल्या रविवारी मी गेले तेव्हा मामांशी तिचा वाद चालला होता. नव्या गाण्यात तिनं "सूज" हा शब्द घातला होता. दिवसभर उभं राहून पायाला येते ती सूज. मामांचं म्हणणं, असला शब्द गाण्यात बरा दिसत नाही, "शीण" म्हणावं.

"शीण सगळ्यांनाच येतो," आत्या म्हणाली. "माझे पाय सुजत व्हते. पोरी, पेटी काढ."