विहिरीतल्या बाईचं कव्हर

संतपूरला घराच्या मागच्या खोलीत मी स्क्रीन प्रिंटिंग करतो. लग्नपत्रिका, सोयाबीनच्या बियाण्याच्या कापडी पिशव्या, क्रिकेटच्या संघांचे टी-शर्ट, हे गावाचं काम. उरलेल्या वेळात जे करतो त्याचा गावाला काही उपयोग नाही. बेंगळुरू, हैदराबाद, पुण्याकडचे मेटल वाजवणारे बँड माझ्याकडून रेकॉर्डची कव्हरं आणि कार्यक्रमांची पोस्टरं करून घेतात. मायनं एकदा ते संगीत ऐकलं आणि विचारलं, "ही पोरं गायलीत का भांडायलीत?" चित्रंही त्याला शोभतील अशीच. हाडं, वठलेल्या बाभळी, मेलेल्या म्हशीच्या बरगड्यांत कावळ्याचं घरटं. असलं काढताना भीती वाटत नाही का, असं लोक विचारतात. वाटत नाही. बरगड्यांमधलं अंतर सारखं आलं का, एवढंच मी बघतो.

चित्र माझं, पण छपाई खरी बायकोची. तिचं माहेर कडगंचीचं. लग्नाआधी तिनं शाईचा डबासुद्धा पाहिला नव्हता, पण वर्षभरात तिचा हात माझ्यापेक्षा चांगला बसला. चौकटीत ताणलेल्या जाळीवर शाई टाकायची आणि रबराच्या पट्टीनं ती एका दमात ओढायची. दाब कमी-जास्त झाला की काळ्या भागात पांढरे ठिपके राहतात, आणि माझ्या चित्रांत काळा भागच जास्त. मी ओढलं की काळं डागाळतं. ती ओढते तेव्हा एकसारखं उतरतं. बँडवाले छपाईचं कौतुक लिहून पाठवायचे. ते तिला वाचून दाखवताना मी निम्मं गाळायचो, ती डोक्यावर बसू नये म्हणून. ती म्हणायची, "पूर्ण वाचा की. इंग्लिश मलाबी येतंय."

तिला दिवस गेले तेव्हा माय बिदरहून एका गुटगुटीत, निळ्या डोळ्यांच्या बाळाचा फोटो घेऊन आली आणि आमच्या खाटेसमोर चिकटवला. आमचं घर बौद्ध. आजोबांनी देव्हारा काढला तेव्हापासून घरात नवस नाही, गंडादोरा नाही. अप्पा शाळेत मास्तर होते आणि दृष्ट काढणाऱ्यांची त्यांनी आयुष्यभर टर उडवली. आता अप्पा नव्हते, म्हणून मायची टर मी उडवली. ती शांतपणे म्हणाली, "ही अंधश्रद्धा न्हाई, शास्त्र हाय. चांगलं बगितलं की मनावर चांगला परिणाम होतोय. दवाखान्यातबी लावत्यात." ते खरं होतं. डॉक्टरीणबाईंच्या भिंतीवर तसलीच चार बाळं होती. फोटो तिथंच राहिला.

पाचव्या महिन्यात हैदराबादच्या एका बँडच्या कव्हरचं काम आलं. मी कोरड्या विहिरीच्या तळाशी बसलेली बाई काढली, केस मोकळे, तोंडाच्या जागी नुसतं काळं. काळ्या कागदावर चमकती काळी शाई, आणि विहिरीच्या दगडांना थोडा राखाडी रंग. तीनशे कव्हरं होती. बायकोनं चार दिवसांत ओढली. पहिलं कव्हर उजेडात तिरकं धरून तिनं विचारलं, "हिला तोंड कामून न्हाई?"

"बँडला तसंच पाहिजे."

"बरं हाय. उत्तर द्यायची कटकट न्हाई."

मायनं दारातून ते पाहिलं. "पोटुशीनं असलं बगू न्हाई," एवढं बोलून ती गेली. आम्ही दोघं हसलो.

सहावा संपता संपता बाळाची हालचाल थांबली. बिदरच्या दवाखान्यात सांगितलं, नाळेतून रक्त नीट जात नव्हतं, यात कुणाचा दोष नाही. मी शाईचा डबा बरोबर नेला होता. डॉक्टरीणबाईंनी वाचून सांगितलं, शाई पाण्यातली आहे, हिचा काही संबंध नाही. ऐकून मला हायसं वाटलं. वाटलं म्हणजे वाटायला हवं होतं म्हणून मी तशी मान हलवली. मुलगी होती. आमच्या शेताच्या कडेला तिला पुरलं. खड्डा गरजेपेक्षा लांब खणला गेला होता. हे माझ्या लक्षात आलं आणि त्यापलीकडं मला काहीच झालं नाही. घरी येऊन जेवलो. भाजीत मीठ कमी होतं, तेही कळलं.

पुढचे कित्येक दिवस मी असाच ढिम्म होतो. लोक येऊन बसायचे, मी चहा द्यायचो. एका दुपारी बायको खाटेवर पडलेली असताना माय भावकीतल्या बायकांना म्हणाली, "मी बोलले व्हते. चार दिवस ते तसलं चित्र डोळ्यापुढं. मनावर परिणाम होणारच की." बायकांनी माना डोलावल्या. बायको माझ्याकडं बघत होती. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की डॉक्टरांनी काय सांगितलं ते तुम्हाला माहीत आहे ना. मी कप गोळा करून मोरीत नेले आणि उगीचच दोनदा धुतले.

महिनाभरानं ती पुन्हा खोलीत आली. मी तिला पत्रिका दिल्या, मग पिशव्या. पोस्टरं मी स्वतः ओढायला लागलो. ठरवून केलं असं तेव्हा मला म्हणता आलं नसतं. काळं काम आलं की माझा हात आपोआप पुढं जायचा आणि तिच्यासाठी दुसरं काहीतरी निघायचं. ती मुकाट्यानं करायची. बँडवाल्यांनी छपाईचं कौतुक लिहिणं बंद केलं, मग विचारायला लागले की यंदा शाई बदलली का.

आठ महिन्यांनी विहिरीतल्या बाईचं कव्हर पुन्हा आलं. पहिली तीनशे संपली होती, बँडला आणखी दोनशे हवी होती. मी सकाळपासून ओढत होतो आणि दुपारपर्यंत निम्मी बाद झाली होती. बायको दोरीवरच्या पिशव्या काढून आत आली. तिनं बाद कव्हरांच्या ढिगातलं वरचं उचललं, तिरकं धरून पाहिलं.

"नास करायलाव तुमी कागदाचा. मला द्या."

"राहू दे. मोठी चौकट हाय, पाठीवर ताण येतोय तुझ्या."

"पिशव्यांची चौकट हिच्यापेक्षा मोठी हाय. तिनं येत न्हाई का ताण?"

मी शाई हलवत राहिलो. ती स्टूल ओढून समोर बसली. आवाज चढवला नाही.

"आठ महिने झाले, एक काळं काम दिलं न्हाई मला. त्या चित्रानं झालं असं तुमालाबी वाटतंय का?"

नाही म्हणणं सोपं होतं. अप्पांचा मुलगा म्हणून, मेलेल्या म्हशी काढून पोट भरणारा माणूस म्हणून, मला हसूच यायला पाहिजे होतं. पण ती विचारत होती आणि नेमकं त्याच वेळी मला दिसलं की मी नुकतंच ओढलेलं ओलं कव्हर तिला दिसू नये असं पालथं घातलं होतं. केव्हा घातलं ते मलाच माहीत नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

"थोडं," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. हातातलं कव्हर ढिगावर परत ठेवलं, कडा जुळवल्या.

"आई म्हणल्या, भावकीतल्या बायका म्हणल्या, माज्या माहेरच्याबी म्हणल्या," ती म्हणाली. "मी काईच मनावर घेतलं न्हाई. म्हणलं, ह्या घरात एक तरी माणूस हाय ज्याला तसं वाटत न्हाई. तेवढ्यावर मी आठ महिने काढले."