एका दिवसाचं बेट

मोआन्ताऊ, तुझ्या दफनाला ऑफिसने भलंमोठं पुष्पचक्र पाठवलं म्हणे. तू जिवंत असताना डिझेलचं एक जास्तीचं पिंप मंजूर करायला याच लोकांच्या जिवावर यायचं.

डोळ्यांच्या रोगाची पाहणी म्हटली की लोकांना आम्ही आठवतो, मुलांच्या पापण्या उलटून बघणाऱ्या नर्सा. फोटोही आमचेच. बोट भाड्याने ठरवायची, पिंपं आधीच्या जहाजाने पुढे धाडायची, भरती कधी ते विचारून ठेवायचं, ही सगळी उस्तवार तुझी. त्यात फोटो काढण्यासारखं काही नसतं.

तुझं नानोराकी बेट यादीत नव्हतंच. लांब, माणसं थोडी, माणशी खर्च परवडत नाही, असं ऑफिसचं म्हणणं. तू दोन बेटांचं डिझेल एकाच फेरीत नेलंस, आमच्या मुक्कामाचे पैसे वाचवलेस आणि नानोराकीला एक दिवस मिळवलास. कशासाठी ते मला ठाऊक होतं. तुझ्या थोरल्या बहिणीच्या, नेई ताआकेच्या, पापण्यांचे केस आत वळले होते आणि मिटता-उघडता डोळा खरवडत होते. ज्या बेटावर पाहणीत रोग सापडेल तिथेच शस्त्रक्रियेचं पथक जायचं. पाहणी नाही तर सर्जन नाही.

तू रेडिओवरून निरोप दिलास की पाहुणे येताहेत, माणसं घरी राहू द्या. गावाने त्यातलं ‘पाहुणे’ तेवढं ऐकलं.

आम्ही उतरलो ते थेट गावाच्या सभाघरात, मानेआबात. गळ्यात माळा, मग भाषणं, मग डुक्कर आणि बाबाईचे कंद, मग नाच. पाहुण्याने पहिल्या दिवशी कामाला हात लावायचा नाही, हे काय मला माहीत नव्हतं? पण आमच्याकडे दुसरा दिवस कुठे होता? मी सुवा शहरात शिकलेली, तोंडाने फटकळ. उठले आणि म्हटलं, आम्हाला घरोघर जायचंय. गावचा म्हातारा तेबाओ गालात हसला. “बाईंचं पोट भरलेलं दिसत नाही. वाढा गं तिला.” सगळं सभाघर हसलं आणि माझ्यापुढे दुसरं ताट आलं.

आमचा डॉक्टर घड्याळ बघत तुला कोपराने ढोसत होता. तुझंच गाव, तू बोल ना.

“माझ्या जागेला आवाज नाही, डॉक्टर.”

त्याला ते कळलं नाही. मानेआबात प्रत्येक घराण्याची बसायची जागा ठरलेली. तुझ्या घराण्याच्या जागेला अन्न वाटायचा मान होता, बोलायचा नव्हता. तू अन्न वाटलंस. डॉक्टरच्या ताटात डुकराचा चांगला तुकडा तूच ठेवलास.

दुपारी बोटवाला सांगत आला की आता निघालो नाही तर ओहोटीत खडकापलीकडे जाता येणार नाही. उद्याचं भाडं कोण देणार? जेवण-नाच उरकून आमची जेमतेम चार घरं तपासून झाली होती. ताआके स्वतःच काठी टेकत किनाऱ्यावर आली. डॉक्टरने तिथेच तिची पापणी वर केली. म्हणाला, “पाव तासाचं काम आहे.” पण आमच्या पेटीत टॉर्च आणि भिंग. आम्ही मोजायला आलेलो.

चार घरांवरून अंदाज निघत नाही. ऑफिसने शेरा मारला, ‘माहिती अपुरी, फेरी पुन्हा परवडणार नाही’. गावाने तीन डुकरं कापली ती कुठल्या खर्चात धरली, हे मी विचारलं.

तू विचारलं नाहीस. परतताना बोटीवर एवढंच म्हणाला होतास, “बाई, तारावाच्या बाजारात ताआकेच्या पापणीचे केस उपटायला बारीक टोकाचा चिमटा मिळाला तर बघा. गावच्या दवाखान्यातला जाड आहे, केस तुटतो नि खुंट राहतो. पुढच्या बोटीने नेईन.”

मिळाला. दुकानदाराने भाव चढवला तरी घेतला. पुढची बोट तुझ्या बेटाकडे गेली नाही. मग साखरेने तुझा पाय नेला आणि पाठोपाठ तुला. ताआकेला आता दिसत नाही.

चिमटा माझ्या शिवणाच्या डब्यात आहे, कागदातून अजून काढलेला नाही.