माझा खुटा मागे कोण सरकवतं?

आधीच सांगतो, आमच्या घरात भुतांच्या गोष्टी सांगायचा ठेका माझ्याकडे आहे. लग्नघरी जेवणं आटोपली की पोरं मला घेरतात आणि मी बिनधास्त थापा मारतो. असल्या गोष्टी कशा तयार होतात हे मला ठाऊक आहे, म्हणूनच माझा त्यांच्यावर काडीचा विश्वास नाही. ही गोष्ट मात्र पोरांना सांगितलेली नाही. बायकोला सांगितली, तर म्हणाली, "आधी बीपी तपासून या."

बल्लारपूरला माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट, लग्न, बारसं... पोट सुटल्यापासून वरातीपुढे उलटं चालणं जमत नाही. अशात एका संस्थेने काम दिलं. गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेकाठच्या एका गावात (नाव मुद्दामच लिहीत नाही) मोठा पूर येऊन गेला होता. अशा पुराने गाव पुढे कसं बदलत जातं ते टिपायचं. दर पावसाळ्यानंतर तेच घर, त्याच जागेवरून, त्याच लेन्सने. घर हलत नाही, डोळे मिटत नाही. मला असंच गिऱ्हाईक हवं होतं!

घर सुमनबाई आणि वासुदेव यांचं, नदीकडून पहिलंच. भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर पुराच्या गाळाची रेघ. जागा चुकू नये म्हणून घर आणि नदीच्या मधे मी लोखंडी सळई ठोकली, टोकाला पिवळा रंग लावला. दारापासून मोजून तीस पावलं.

दुसऱ्या वर्षी गेलो तर सळईला म्हैस बांधलेली. ती सोडवून कॅमेरा लावला, तर छप्पर फ्रेममध्ये मावेना. पावलं मोजली... अठरा!

"सुमनबाई, सळई कोणी हलवली?"

"कोन हलवन भाऊ? चांगला खुटा दिसला, म्हैस बांधली. इथीच तं होता."

"तीस पावलांवर होता."

"तवा पाय आखूड असतीन तुमचे," वासुदेव आतून म्हणाला.

यांनीच उपटून ठोकली असणार, मी मनाशी म्हटलं. पण वाकून पाहिलं, तर हरळीची मुळं सळईला घट्ट गुंडाळलेली. जुन्या जागी भोकसुद्धा नाही. म्हणजे काम सफाईचं होतं! जुना फोटो समोर धरून मी सळई पहिल्या जागी ठोकली. पकडायला वासुदेवच होता.

पुढच्या उन्हाळ्यात सुमनबाईचा फोन. "भाऊ, तुमी येऊन गेले का? खुटा घराच्या मांगं गेला."

गेलो. सळई खरंच घरामागे, मोहाच्या झाडाजवळ. आता मात्र मला कारण सापडलं. गावाला उंचावर, नदीपासून दोन किलोमीटरवर, नवे प्लॉट मिळाले होते. सुमनबाईला पोरीला घेऊन तिकडे जायचं होतं. वासुदेव अडून बसला होता, "बापानं बांधलेलं घर सोडू का?" नवऱ्याला घाबरवायला हिनेच हा उद्योग केला, दुसरं काय!

मी तिला तोंडावर म्हटलं, "बाई, नाटकं बंद करा."

"पोरीची शप्पत भाऊ, मी हात नाई लावला." मग तिने म्हैस सोडली आणि मागे नेऊन सळईलाच बांधली. "जिथी खुटा, तिथी म्हैस. मले दुसरं काई समजत नाई."

सळई मी तिथेच राहू दिली. कंटाळा आला होता, आणि खरं सांगायचं तर थोडी भीतीही वाटत होती.

त्या पावसाळ्यात पूर आला आणि ओसरला. ऊन पडलं, सगळे निवांत झाले. दुपारी चारला सुमनबाई मागे धार काढायला बसली, पोर म्हशीची लहान वगार धरून उभी. म्हैस पान्हा सोडेना. "अजी, ढेप आना!" तिने हाक मारली. वासुदेव खाटेवरून शिव्या देत उठला, सरकीच्या पेंडीची ढेप घेऊन मागे आला आणि पाठीमागे मोठा आवाज झाला. ओला काठ घरासकट नदीत गेला. कडा तुटत तुटत सळईच्या चार हात अलीकडे थांबली.

पूर ओसरल्यावर काठ ढासळतात, हे मला कळतं. सळईचं कळत नाही.

मी सुमनबाईची माफी मागितली. नव्या प्लॉटवर घर उभं राहिलं, तेव्हा तीच सळई घरासमोर ठोकली, या वेळी सिमेंटमध्ये. माल वासुदेवने कालवला, मी वर बोटाने तारीख कोरली. आता हलवून दाखवा म्हटलं!

गेल्या महिन्यात गेलो. घरासमोर सिमेंटचा गोळा जसाच्या तसा, तारखेसकट. भोक नाही, तडा नाही, सळईही नाही. ती घरामागे, जंगलाला लागून, चढावर उभी. तोच पिवळा रंग, माझ्याच हातोडीने चपटं झालेलं टोक. भोवती गवत.

दुसरी सळई आणून रंगवली असेल? वासुदेवचा मला अजून संशय आहे. पण त्या दिवशी त्याने एकही टोमणा मारला नाही. नदी इथून दिसतसुद्धा नाही. मग कशापासून मागे? मला माहीत नाही. कोणाला सुचलं तर सांगा, फक्त बीपीचं सांगू नका.

सुमनबाई बाहेर आली. कालच घरात नवी फरशी बसली होती, पायांना अजून सिमेंट लागलेलं. तिने सळई पाहिली. अंगणातली म्हैस सोडली, चढावर आणून सळईला बांधली.

"भाऊ," ती म्हणाली, "घराचा फोटो काढून ठेवा. पुरं घर येऊ द्या."

सळईपाशी उभा राहून मी काढला. पूर्ण घर आलं.