बस्टर काही चावेना

बस्टरने आपल्याला एकदा तरी कडकडून चावावं, एवढीच ग्लेनिस हॉकिंगची इच्छा होती, आणि बस्टर काही केल्या चावत नव्हता.

बस्टर म्हणजे वॉम्बॅट, कांगारूसारखा आईच्या पोटावरच्या पिशवीत वाढणारा, बिळात राहणारा प्राणी. आखूड पायांचा, चोवीस किलोंचा केसाळ गडी. गाडीखाली मेलेल्या आईच्या पिशवीतून काढला तेव्हा तो मूठभर होता. टास्मानियातल्या एका लहानशा, अनाथ प्राणी सांभाळणाऱ्या अभयारण्यात ग्लेनिसने त्याला उशीच्या अभ्र्यात घालून, अभ्रा गळ्यात अडकवून, बाटलीने दूध पाजून वाढवलं. तीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई ती. कांगारूंना हात लावायला आलेले पाहुणे तिच्या एका आवाजात रांगेत उभे राहायचे. बस्टरपुढे मात्र ती पार विरघळायची.

वॉम्बॅटचं पिल्लू दोन वर्षांचं झालं की वाढवणाऱ्याच्याच अंगावर धावून जातं. तसं धावलं, की ते रानात सोडायच्या लायकीचं झालं. म्हणून इथे पिल्लं वाढवणाऱ्या बायका चहाच्या सुट्टीत नवे दागिने दाखवावेत तशा पोटरीवरच्या खुणा दाखवतात.

"ही माझी तिसरी," मोजा खाली करत वॅल म्हणायची. "तुझा लाडोबा काय करतो गं? मुके घेतो?"

"संस्कार चांगले आहेत त्याच्यावर!" ग्लेनिस ठसक्यात उत्तर द्यायची, पण मनात मे महिन्याचे दिवस मोजायची. मे संपेपर्यंत बस्टर बिथरला नाही, तर त्याची रवानगी पाहुण्यांच्या कुंपणात होणार होती. मग जन्मभर लोकांबरोबर फोटो काढून घ्यायचे.

त्याला चिथवायला तिने पाठ फिरवून पाहिली, बादली आपटून पाहिली, अद्वातद्वा बोलून पाहिलं. बस्टर तिच्या बुटावर हनुवटी टेकून झोपी गेला.

शेवटी अभयारण्याचा प्रमुख टेरेन्स कुंपणापाशी आला.

"ग्लेनिस, खिशात काय आहे?"

"रुमाल."

"रुमालाला रताळ्याचा वास येतोय."

"अरे, एकच तुकडा! उपाशी दिसत होता बिचारा."

"हा? उपाशी? उद्यापासून तुम्ही इकडे फिरकायचं नाही."

"टेरी, दंगा केलास म्हणून तुला मी बसमधून उतरवून घरी चालत पाठवलं होतं, आठवतं ना?"

"आठवतं की. म्हणून तर सुधारलो."

ग्लेनिसने खिशातला रुमाल काढून त्याच्या हातात ठेवला.

तीन आठवडे ती त्या बाजूला गेली नाही. बस्टरला वास लागू नये म्हणून सगळ्या कुंपणाला वळसा घालून जायची. एकदा गोदामात बसून रडलीसुद्धा, आणि वॅलला म्हणाली, सर्दी झालीय.

मेच्या शेवटच्या आठवड्यात टेरेन्सनेच तिला आत पाठवलं. बस्टर बिळातून बाहेर आला आणि थबकला. ग्लेनिस सवयीने खाली वाकली.

"ये रे माझ्या राजा."

राजा आला तो सुसाट, आणि रबरी बुटासकट पोटरीचा लचका तोडायलाच बसला. ग्लेनिसच्या किंकाळीने झाडावरचे काकाकुवे उडाले. कसाबसा पाय सोडवून ती पाण्याच्या पिंपावर चढली. खाली बस्टर गुरगुरत फेऱ्या मारत होता.

"वॅल! अगं चावला गं! चावला मेला!" ती हसत होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

पोटरीला पट्टी बांधून झाल्यावर टेरेन्स रानात सोडण्याचा कागद घेऊन आला.

"नावाच्या रकान्यात बस्टरच लिहू ना?"

ग्लेनिसने त्या रकान्यावर बोट ठेवलं.

"रिकामा ठेव रे. आता त्याला हाक कोण मारणार आहे?"